बोटभर मागं

ट्रेलर ट्रकला जोडायला वीस मिनिटं लागतात, सोडवायला दहा. त्या दिवशी मला सव्वा तास लागला, आणि तोही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत.

आमचा धंदा छोटासा. अमेरिकेत फिनिक्समध्ये नवरा आणि मी मिळून तीन ट्रॅव्हल ट्रेलर भाड्याने देतो. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. ओटा, पलंग, न्हाणीघर सगळं असतं, फक्त इंजिन नसतं. पुष्कळ गिऱ्हाइकांकडे तो ओढेल असा ट्रक नसतो, म्हणून आम्हीच जागेवर नेऊन, नीट उभा करून किल्ली हातात देतो आणि रिकामा ट्रक घेऊन परततो. ओढायचं काम नवऱ्याचं. माझ्याकडे बुकिंग, चादरी, साफसफाई आणि रुसलेली गिऱ्हाइकं. पण जुलैमध्ये ऐन गर्दीत त्याच्या कमरेत उसण भरली आणि फ्लॅगस्टाफची फेरी माझ्यावर आली. मी त्याच्याबरोबर वीसेक वेळा गेले होते, मोकळ्या मैदानात जोडणं-सोडणं शिकले होते. एकटी मात्र पहिल्यांदाच.

फिनिक्स समुद्रसपाटीपासून जेमतेम अकराशे फुटांवर, फ्लॅगस्टाफ सात हजारांवर. आय-१७ हा हमरस्ता तुम्हाला सुमारे २३० किलोमीटरमध्ये ४३ अंशांच्या भट्टीतून पाइनच्या जंगलात नेऊन सोडतो. मागे अडीच टन वजन असताना हा चढ कसा वाटतो ते माझ्या हाताच्या तळव्यांना विचारा. चढणीवर एसी बंद केला, इंजिनाच्या काट्याकडे बघत बसले आणि ट्रकवाल्यांच्या मागे मुकाट राहिले. तो भाग निर्विघ्न पार पडला.

कॅम्पग्राउंडवर पोचले तेव्हा दुपारचे चार वाजत आले होते. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे दुपार कलली की ढग भरून येतात आणि विजांसकट पाऊस कोसळतो. त्या दिवशीही डोंगरामागे काळं व्हायला लागलं होतं. नवरा-बायको आणि दोन मुलं लाकडी बाकावर बसून वाटच बघत होती. जागा रस्त्याकडे थोडी उतरती. ट्रेलर मागे घालून बसवला (दोन प्रयत्नांत, हे मी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही), चाकांना पिवळ्या पाचरी लावल्या आणि सोडवायला घेतलं.

दिव्यांची आणि ब्रेकची वायर काढली. ट्रेलर निसटलाच तर त्याचे स्वतःचे ब्रेक लागावेत म्हणून एक बारीक केबल असते, ती काढली. ट्रेलर ट्रकला बांधून ठेवणाऱ्या साखळ्या मुद्दाम ठेवल्या. ट्रकच्या मागे लोखंडी गोळा असतो तो बॉल, आणि त्यावर बसणारं ट्रेलरचं तोंड म्हणजे कपलर. कपलर बॉलवरून उचलला जाईपर्यंत साखळ्यांना हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. मग वजन वाटून घेणारे दोन पोलादी दांडे. ते ताणलेले असतात, म्हणून जॅकने ट्रेलरचं नाक ट्रकसकट थोडं वर घ्यायचं, ताण गेला की दांडे निघतात. निघाले. आता कपलरचा खटका वर करायचा, म्हणजे आतला जबडा बॉलला सोडतो, बस्स.

खटका हलेना.

दोन हातांनी ओढला. पाय रोवून ओढला. वंगणाचा फवारा मारला आणि पाच मिनिटं घड्याळाकडे बघत थांबले. गिऱ्हाईक भला माणूस, तो आपल्या गाडीतून हातोडी घेऊन आला. मी दोन घाव घातलेसुद्धा. खटक्याला पडलेला पोचा आजही आहे, पण खटका जागचा हलला नाही.

नवऱ्याला फोन लावला. रेंज एक दांडी. "अडकलाय," एवढं मी म्हणाले, तो म्हणाला, "जॅक अजून चढव," आणि फोन तुटला. त्याच्या मनात पुढे काय होतं ते नंतर कळलं. मी ऐकलं तेवढं केलं.

जॅक मोटरवर चालतो. बटण दाबलं की घुं करत वर. मी दाबून धरलं. ट्रेलरचं नाक उचललं गेलं आणि त्याला धरून ट्रकची मागची बाजूही. मडगार्ड आणि टायर यांच्यामधली फट वाढत चालली. पाट्यांच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. जॅकचा पाय पाइनच्या सुयांच्या गादीत रुतत एका अंगाला कलायला लागला, तेव्हा कुठे माझं बोट बटणावरून निघालं.

ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार बॉलवर असतो. आमच्या ट्रेलरचा धरा पावणेतीनशे किलो. वर ट्रकच्या स्प्रिंगांचा ताण, आणि दोन्हींच्या मध्ये तो अडकलेला जबडा. आत्ता खटका सुटला असता तर ट्रक दणकन खाली आणि ट्रेलरचं नाक वर, आणि माझं डोकं कपलरपासून हातभर अंतरावर. मुलांना बाकाच्या पलीकडे जायला सांगितलं. गिऱ्हाइकाला म्हटलं, हातोडी ठेवा. तेवढ्यात लांब गडगडलं.

मी तिथेच खाली बसले. त्या क्षणी मला काका आठवला. वाळवा तालुक्यात आमच्या घरी उसाचा ट्रॅक्टर होता. हंगामात काका रात्री-अपरात्री ट्रॉली सोडायचा आणि बॅटरी धरून उभं राहायचं काम माझ्याकडे. एकदा पिन निघेना म्हणून मी बाजूचा दगड उचलून तिला ठोकायला लागले, तर तो ट्रॅक्टरवर चढत ओरडला, "अगं, पिन कशाला बडवतीस? ट्रॉली अंगावर रेलल्या तिच्या. हो बाजूला, बोटभर मागं घेतो." ट्रॅक्टर बोटभर हलवून तो उतरला आणि पिन दोन बोटांनी उचलून माझ्या हातात दिली. गरम होती, हेही लक्षात आहे.

फोनची बॅटरी लावून कपलरच्या खाली पाहिलं. बॉलच्या पुढे नखाएवढी काळी फट. मागे, जिथे जबडा बॉलला धरतो तिथे, काहीच नाही, लोखंडाला लोखंड भिडलेलं. मग पाचरींकडे पाहिलं. लावल्या होत्या, पण टायरला चिकटून नव्हत्या. मध्ये करंगळी जाईल एवढी जागा. म्हणजे मी ब्रेकवरून पाय काढला तेव्हा अख्खा ट्रेलर उतारावर थोडा पुढे सरकून ट्रकवर रेलला होता. त्याचं ओझं पाचरींवर नव्हतंच, जबड्यावर होतं. त्यात भर म्हणून मी जॅकने ट्रकलाही त्याच जबड्याला लटकवला होता.

आधी जॅक खाली घेतला, ट्रक आपल्या टायरांवर नीट बसेपर्यंत. ट्रकमध्ये बसले, रिव्हर्स, आणि ट्रेलरला बोटभर मागे ढकललं. हँडब्रेक ओढून उतरले आणि पाचरी टाचेने मारून टायरखाली घट्ट बसवल्या. पुन्हा ट्रकमध्ये. पाय ब्रेकवरच ठेवून, तो अगदी सैल सोडत ट्रक पुढे येऊ दिला. मागून रबर दबल्याचा आवाज आला, ट्रेलर पाचरींवर टेकला. मग कपलरमधून एक बारीक टक्. पुन्हा हँडब्रेक.

खटका वर केला. दोन बोटांनी.

जॅक चढवला तसा कपलर बॉलवरून सुटून वर निघाला, मग साखळ्या काढल्या आणि ट्रक पुढे नेला. ट्रेलर सपाट करून मी गिऱ्हाइकाला गॅस आणि पाण्याच्या चाव्या दाखवत होते तेव्हा पहिले टपोरे थेंब पडले. त्याने हातोडी मागितली नाही आणि मीही विसरले. ती थेट फिनिक्सला आली.

रेंज आल्यावर नवऱ्याचे सात फोन दिसले. त्याचं पूर्ण वाक्य असं होतं: "जॅक अजून चढवू नको, खाली घे." मी विश्वास ठेवला असं म्हणत नाही.

चार दिवसांनी ट्रेलर आणायला मीच गेले, हातोडी परत द्यायचीच होती. या वेळी निघण्याआधी बॉलला बोटभर ग्रीस चोपडलं होतं, कारण घरी पाहिलं तर तो कोरडा ठणठणीत आणि त्यावर जबड्याचे चकचकीत ओरखडे. कपलर पहिल्या फटक्यात बॉलवर बसला. पण त्याआधी ट्रकच्या मागून घाईने जाताना गुडघ्याखाली बॉल घासला, आणि नवी जीन्स तिथल्या तिथे कामाची जीन्स झाली.