जांभळाचं व्हिनेगर: सगळं अडतं ते टक्क्यांवर

घरी जांभळाचं व्हिनेगर करणं अजिबात अवघड नाही. जांभळं धुऊन कोरडी करायची, बिया काढायच्या (त्या राहिल्या तर तुरटपणा फार उतरतो), गर काचेच्या बरणीत भरायचा आणि वरून गरम व्हिनेगर ओतायचं. माझी चिडचिड होते ती त्याच्या आधी, दुकानात. बाटलीवर बाकी सगळं ठळक, पण आम्लता किती टक्के (म्हणजे त्यात ॲसेटिक ॲसिड, व्हिनेगरला आंबट करणारं आम्ल, किती) हे मागच्या बाजूला, पत्त्याच्या खाली, बारीक अक्षरात. काही बाटल्यांवर तर शोधूनही सापडत नाही. ज्या आकड्यावर सगळं अवलंबून आहे, तोच लपवलेला!

आपल्याकडे साधं पांढरं व्हिनेगर बहुतेक ४ टक्क्यांचं असतं. ‘सिंथेटिक’ लिहिलेलं असेल तर ते ॲसेटिक ॲसिडमध्ये पाणी घालून केलेलं. अमेरिकेतल्या पाककृती मात्र ५ टक्के धरून लिहिलेल्या असतात आणि त्यांचीच मापं इथे जशीच्या तशी फिरतात.

आता हिशोब बघा. अर्धा लिटर व्हिनेगरला पाव किलो गर घातला, तर जांभळात ऐंशी टक्क्यांच्या वर पाणी असल्यामुळे त्यातून सुमारे २०० मिली पाणी हळूहळू व्हिनेगरमध्ये उतरतं. ४ टक्क्यांचं व्हिनेगर २.८५ वर येतं. विकायच्या व्हिनेगरला आपल्या कायद्यानं किमान ३.७५ टक्के लागतात, म्हणजे आपण त्याच्याही बरेच खाली गेलो. वर तरंगणाऱ्या गरावर बुरशी धरते ती अशा पातळ व्हिनेगरमध्ये. आम्लपणानुसार रंग बदलणाऱ्या पीएच पट्टीवर विसंबू नका. ४ टक्के आणि अडीच टक्के यांच्या पीएचमध्ये फरक जेमतेम ०.१ चा, पट्टीवर दोन्हींचा रंग सारखाच दिसतो.

म्हणून माझं प्रमाण ठरलेलं आहे: ५ टक्क्यांचं व्हिनेगर अर्धा लिटर, गर फक्त १०० ग्रॅम. आम्लता ४.३ च्या आसपास राहते. ४ टक्क्यांचंच मिळालं तर गर आधी वाळवा. जूनमध्ये उन्हाचा भरवसा नाही, तेव्हा ओव्हन ६० अंशांवर ठेवून, दार किंचित उघडं ठेवून, गर चिवट होईपर्यंत वाळवायचा. हा खटाटोप वाटतो, पण वाळवलेल्या गराचा स्वाद मला ताज्यापेक्षा जास्त आवडतो. गोव्यातलं माडाच्या सुरेचं व्हिनेगर चवीला फार छान, पण घरगुती असेल तर त्याचा जोर प्रत्येक वेळी वेगळा. ते जेवणात वापरा, बरणीत नको.

व्हिनेगर उकळू द्यायचं नाही. कडेला बारीक बुडबुडे आले की गॅस बंद. उकळलं तर वाफ नाका-डोळ्यांना झोंबते. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमचं नको. बरणी आधी १० मिनिटं पाण्यात उकळून घेतलेली, झाकण प्लास्टिकचं. धातूचं असेल तर मध्ये बटर पेपर घाला, नाहीतर गंज धरतो.

पहिल्याच दिवशी गराच्या भोवती गडद जांभळट लाल रंग सुटायला लागतो. बरणी अंधारात ठेवा, उजेडात तो रंग तपकिरी पडतो. दहा दिवसांनी चव बघा, तीन आठवड्यांच्या पुढे नेऊ नका. गाळताना फडकं पिळायचं नाही. मलाही तेव्हा धीर धरवत नाही, पण पिळलं की व्हिनेगर गढूळ झालंच. आपोआप ठिबकू द्या. गाळलेलं फ्रिजमध्ये तीन महिने उत्तम राहतं.

लसूण-मिरचीचं करणार असाल तर मिरचीला उभी चीर द्या, नाहीतर आत हवा राहून ती वर तरंगते. लसूण निळा-हिरवा पडला तर बाटली फेकू नका. लसणातल्याच घटकांची आम्लाशी गाठ पडून तो रंग येतो, अपाय काही नाही. नको असेल तर पाकळ्या आधी मिनिटभर उकळत्या पाण्यात घालून काढा. केसाळ किंवा रंगीत बुरशी दिसली, तर मात्र अख्खी बरणी टाकून द्यायची. वरचं काढून खालचं वापरायचं नाही.