दिवाळी पहाटेचा स्पीकर परवाना : साडेपाच ते सहा या अर्ध्या तासाने काढलेला माझा घाम

दिवाळी होऊन गेली, फराळाचे डबे रिकामे झाले तरी माझ्या डोक्यातून परवान्याच्या ऑफिसातलं ते टेबल जात नाहीये, म्हणून लिहूनच टाकते. कुणाला आपल्या भागातल्या बागेत दिवाळी पहाट करायची असेल तर निदान त्यांचे चार हेलपाटे वाचतील.

आमचा ग्रुप छोटा आहे, गाणं शिकणारे, शिकवणारे आणि नुसते ऐकणारे मिळून पंचवीसेक जण. दरवर्षी नरक चतुर्दशीला घराजवळच्या महापालिकेच्या बागेत कार्यक्रम करतो, तिकीट नाही, सतरंज्या अंथरायच्या, गुडघे दुखणाऱ्यांसाठी मागे खुर्च्या, आणि शेवटी चहा आणि घराघरातून आलेली चकली-शंकरपाळी. अडीचशे-तीनशे माणूस येतं. परवानग्यांचं सगळं इतकी वर्षं आमच्या ग्रुपमधले काका बघायचे, ते या वर्षी मुलीकडे बंगळुरूला राहायला गेले आणि जाताना फाइल माझ्या हातात दिली. फाइल जाडजूड होती, मला वाटलं सगळं त्यात आहे, फक्त तारीख बदलायची.

बागेची परवानगी सरळ मिळाली. गणपती विसर्जन 6 सप्टेंबरला झालं, मी 8 तारखेला सोमवारी अर्ज दिला, भाडं आणि डिपॉझिट भरलं, आणि घटस्थापनेच्या दिवशी, म्हणजे 22 सप्टेंबरला पत्र हातात. बाग एरवी सकाळी सहाला उघडते, गेट पाचला उघडून मिळावं असं अर्जात लिहिलं होतं, तेही मान्य. आता काय, झालंच, असं मी घरी म्हटलेलं आठवतंय.

मग स्पीकरचा परवाना. कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, पुण्यात कार्यक्रम करणाऱ्याला कळेलच, आणि माझी तक्रार कुणा एका माणसाबद्दल नाहीये, पद्धतीबद्दल आहे. 24 सप्टेंबरला अर्ज दिला. अर्जावर वेळ लिहिली होती पहाटे साडेपाच ते नऊ. ही वेळ नीट लक्षात ठेवा.

29 तारखेला चौकशीला गेले तर म्हणाले बागेच्या पत्राची झेरॉक्स चालत नाही, ओरिजिनल दाखवा, आणि साउंडवाल्याचं पत्र कुठंय? किती स्पीकर, किती वॅट, ऑपरेटरचा नंबर. ठीक आहे, बरोबर मागणी आहे. साउंडवाला आमचा भला माणूस, त्याने लेटरहेडवर लगेच दिलं. पण दिवस बघा, नवरात्र चालू, 2 ऑक्टोबरला दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, मग शनिवार-रविवार. मी परत पोचले ती थेट 6 ऑक्टोबरला. त्या दिवशी दुसरेच गृहस्थ टेबलावर. त्यांनी कागद उलटसुलट केले आणि विचारलं, "नकाशा?" बागेपासून 100 मीटरच्या आत हॉस्पिटल, शाळा, कोर्ट काही नाही हे दाखवणारा नकाशा. शांतता क्षेत्राचा नियम असतो तो, मला माहीत होता, पण नकाशा लागतो हे 24 तारखेला कुणी बोललं नव्हतं, 29 तारखेलाही नाही. घरी येऊन मोबाइलवरच्या मॅपचा प्रिंट काढला, त्यावर पेनने गोल काढला, खाली ग्रुपचा शिक्का मारला.

9 ऑक्टोबर, गुरुवार. नकाशा दिला. आता त्यांनी अर्ज पहिल्यांदा खरोखर वाचला, म्हणजे बोट ठेवून ओळीओळीने, आणि बोट "5.30" वर थांबलं. निळ्या पेनने त्याभोवती गोल केला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"मॅडम, सहाच्या आधी स्पीकर लावता येत नाही."

मी म्हटलं, दिवाळी पहाट आहे, पहाटेच असते. ते म्हणाले, असू दे. रात्री 10 ते सकाळी 6 बंद म्हणजे बंद. मी म्हटलं दिवाळीत तर सवलत असते ना, नवरात्रात रात्री बारापर्यंत चालतंच की. तर म्हणाले ती सवलत रात्रीची, 10 ते 12, पहाटेची नाही.

आणि ते बरोबर होते, हे मला घरी जाऊन वाचल्यावर कळलं. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे केंद्राचे नियम आहेत, त्यात रात्र म्हणजे दहा ते सहा. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस सूट देता येते, आपल्याकडे त्या दिवसांची यादी जिल्हाधिकारी जाहीर करतात, पण ती सूट मध्यरात्री बारापर्यंतच. सुप्रीम कोर्टाचा 2005 चा निकालही याच बाजूचा. पहाटेच्या पाच-साडेपाचसाठी त्यात कुठेच जागा नाही. मला नियमाचा राग नाहीये. लहान बाळं असतात, आजारी माणसं असतात, आमच्याच बागेला लागून तीन सोसायट्या आहेत. मला राग आहे तो याचा की हे वाक्य 24 सप्टेंबरला दहा सेकंदात सांगता आलं असतं. वेळ अर्जाच्या दुसऱ्याच ओळीत होती. पंधरा दिवस मी कधी पत्र, कधी नकाशा गोळा करत फिरले आणि मूळ अडचण तिथेच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, कुणी वाचलीच नव्हती. एकदाच बसवून सगळं सांगा ना, कागदाच्या एका तुकड्यावर यादी द्या, माणूस निमूटपणे आणून देतो.

बरं पुढचं ऐका. मी म्हटलं ठीक आहे, आत्ता खोडून सहा करते, सही करते. तर नाही! बागेच्या पत्रात साडेपाच ते नऊ लिहिलंय, साउंडवाल्याच्या पत्रात साडेपाच ते नऊ, आमच्या हमीपत्रात तेच. "सगळीकडे टाइम एकसारखा करून आणा." म्हणजे परत बागेकडे. तिथे म्हणाले दुरुस्ती करून देतो, पण त्यासाठी नवीन अर्ज, नवीन आवक नंबर. मध्ये परत शनिवार-रविवार.

त्या रात्री मी काकांना फोन केला, जवळजवळ रडकुंडीला आले होते. ते म्हणाले, "अगं, मी नेहमी सहा ते नऊच लिहायचो." मग मी फाइल उघडून बघितलं, खरंच, दरवर्षी सहा. मी तारखा बघितल्या होत्या, वेळ बघितली नव्हती. साडेपाच हा या वर्षीचा माझा हट्ट होता, कारण या वर्षी ज्या बाई गाणार होत्या त्या ललित गाणार होत्या.

हे जरा सांगायला हवं. ललित हा रात्र संपता संपता गायचा राग. त्यात पंचम, म्हणजे प, नाही, दोन्ही मध्यम, म्हणजे शुद्ध आणि तीव्र म, लागतात, आणि ते दोन मध्यम एकापाठोपाठ आले की अंधारातच काहीतरी हलल्यासारखं वाटतं. पुण्यात ऑक्टोबरच्या त्या दिवसांत सूर्योदय साधारण साडेसहाला, सहा वाजता फटफटायला लागतं, मग ललित सुरू करून काय उपयोग? माझे बाबा मला लहानपणी सवाई गंधर्व महोत्सवाला न्यायचे, रमणबागेत. भीमसेन जोशींनी 1953 मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला महोत्सव, तेव्हा रात्रभर चालायचा, शालीत गुंडाळून मी बाबांच्या मांडीवर झोपायचे आणि पहाटे ते मला हलवून उठवायचे, "ऊठ, आता ऐक." ते पहाटेचे राग त्या वेळेला ऐकणं दहाच्या नियमानंतर गेलंच. आमच्या त्या छोट्या बागेत तो अर्धा तास परत मिळावा एवढीच माझी इच्छा होती, आणि म्हणून मी सहावर सही करायला तयार असूनही मनातून तयार नव्हते.

काका फोनवर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग अर्धा तास माइक लावूच नका ना. परवाना स्पीकरचा लागतो, गळ्याचा नाही."

मी गाणाऱ्या ताईंना भीत भीत विचारलं, उघड्यावर, तीनशे माणसांसमोर, माइकशिवाय. त्या म्हणाल्या, "घरी रोज काय माइकवर बसते का मी? लोकांना जवळ बसवा फक्त."

तेव्हा ठरलं. स्पीकरचा अर्ज सहा ते नऊ. बागेच्या दुरुस्तीच्या पत्रात दोन वेगळ्या ओळी घालून घेतल्या, प्रवेश पहाटे पाचपासून, ध्वनिक्षेपकाचा वापर सहा ते नऊ. हीच सगळ्यात महत्त्वाची टिप आहे असं मला वाटतं, कार्यक्रमाची वेळ आणि स्पीकरची वेळ वेगळी लिहा, आणि पहिल्या दिवसापासून सगळ्या कागदांवर तशीच लिहा. 14 तारखेला ते पत्र मिळालं. 15 ला साहेब बंदोबस्तात, 16 ला साहेब मीटिंगला. 17 ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस. कार्यक्रम सोमवारी 20 ला, मध्ये सुट्टीचे दोन दिवस, म्हणजे आज नाही तर नाही. मी दुपारी तीनला जाऊन बाकावर बसले आणि उठलेच नाही. घरून दोनदा फोन आला, पणत्या कुठे ठेवल्यात म्हणून. पाचला दहा कमी असताना सही झाली. शिक्का उमटेना, पॅड वाळलं होतं, त्या गृहस्थांनी त्यावर ग्लासातलं दोन थेंब पाणी टाकून दाबून मारला. तो फिकट जांभळा शिक्का बघून मला जे बरं वाटलं ते सांगता येणार नाही. त्यांनीच मग विचारलं, "गाणं कोणाचं आहे?" मी सांगितलं आणि या म्हटलं.

अर्ज देताना दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर आणि तारीख घ्याच, हे वर लिहायचं राहिलं. माझ्याकडे तो होता म्हणून 17 तारखेला "तुमचा अर्ज कधीचा?" या प्रश्नाला उत्तर होतं. गणपतीच्या आधी अर्ज दिला तर सगळ्यात उत्तम, कारण एकदा उत्सव सुरू झाले की त्या ऑफिसातली माणसंही रस्त्यावरच असतात, त्यांचीही दमछाक होते हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि टेबलावरच्या माणसाला पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगा की अर्ज पूर्ण वाचून काय काय कमी आहे ते माझ्यासमोर लिहून द्या. मी ते केलं नाही, संकोच वाटला. पुढच्या वर्षी करणार.

आवाजाचंही सांगते, कारण सोसायट्यांमधून फोन जातात ते परवान्याच्या वेळेवरून नाही, आवाजावरून. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल, आणि स्पीकर जिथे लावलाय त्या जागेच्या हद्दीवर त्याहून दहाच जास्त चालतात, म्हणजे 65. आम्ही फक्त दोन छोटे टॉप स्पीकर लावले, तोंडं बागेच्या आतल्या झाडांकडे, आणि आमच्यातला एक मुलगा मोबाइलवर आवाज मोजत कंपाउंडच्या कडेने फिरत होता. मोबाइलचं माप अगदी अचूक नसतं पण अंदाज येतो. शिवाय आदल्या आठवड्यात तिन्ही सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली होती, निमंत्रण म्हणूनच. एकही तक्रार आली नाही.

तर 20 तारीख. चारला अभ्यंगस्नान, पाचला गेट. गवतावर इतकं दव होतं की सतरंजीखाली प्लॅस्टिक घालूनही ती ओली लागत होती. तानपुरे दोन, खरे, ललितसाठी मध्यमात लावलेले, आणि त्या गारव्यात तारा सारख्या सुरातून हलत होत्या, ताई एक कान तुंब्यापाशी नेऊन मणी सरकवत होत्या. तबलेवाल्या दादांनी तबला शालीत गुंडाळून आणला होता, बाहेर काढला तरी चढेना, हातोडीचे बारीक ठोके गट्ट्यांवर पडत होते आणि तेवढाच आवाज अख्ख्या बागेत. लोक एकमेकांना खेटून बसले. उटण्याचा वास येत होता सगळीकडून. साडेपाचला ताईंनी सा लावला.

मागच्या रांगेपर्यंत पोचला. मी मुद्दाम मागे जाऊन उभी राहिले होते. कुणी कुजबुजलं नाही, लहान मुलंसुद्धा गप्प, एकदा लांब कुठेतरी फटाका वाजला आणि ताई जराशा थांबून परत त्याच मध्यमावर आल्या. साउंडवाला मिक्सरपाशी उभा, सगळे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या, खाली, हाताची घडी घालून डोळे मिटलेले. सहा वाजले तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं, मी मानेनेच नको म्हटलं. ताईंची बंदिश संपली सहा वाजून आठ मिनिटांनी, तेव्हा आकाश राखाडी झालं होतं, आणि मग त्याने फेडर वर घेतले. पुढे भटियार राग झाला, मग अभंग, छान झालं सगळं, पण सगळे जण घरी जाताना त्या पहिल्या अडतीस मिनिटांबद्दलच बोलत होते.

ते शिक्क्यावाले गृहस्थ आले होते. बायकोला घेऊन, शेवटच्या रांगेत खुर्चीवर. चहाच्या वेळी मी त्यांना चकली दिली आणि यादीचं बोलून घेतलं, की एक छापील यादी टेबलावर ठेवा, सगळ्यांचीच सोय होईल. बघतो म्हणाले.

डिपॉझिट अजून यायचंय. परवा विचारलं तर पावतीची मूळ प्रत लागते म्हणाले. ती आहे माझ्याकडे, फाइलमध्ये सगळ्यात वर लावलीये.