अडकित्ता

बाबांचा अडकित्ता गेला तो २०१८च्या नोव्हेंबरात. गेला म्हणजे हरवला नाही, कुणी चोरलाही नाही. बाबांनी तो स्वतःच्या हाताने एका पारदर्शक खोक्यात टाकला आणि टाकून झाल्यावर विचारलं, "पावती मिळेल का?"

ताईकडे दिल्लीला विमानाने निघाले होते. वय शहात्तर, अंगात नवा स्वेटर, खिशात तिकिटाच्या तीन प्रती आणि हातातल्या पिशवीत चंची. चंची म्हणजे कापडाची, कप्प्याकप्प्यांची, दोरीने गुंडाळून ठेवायची ती. एका कप्प्यात सुपारी, दुसऱ्यात कात, तिसऱ्यात चुन्याची डबी आणि सगळ्यात मोठ्या कप्प्यात पितळी अडकित्ता. पात्याच्या वर मोर होता. मोराचा तुरा माझ्या लहानपणापासूनच तुटलेला. सामान तपासणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर हा मोर उमटला आणि रांग थांबली.

"ये क्या है, अंकल?"

बाबांचं हिंदी बेताचं, पण आत्मविश्वास दांडगा. "ये अडकित्ता है. सुपारी कातरने का."

जवान चेहऱ्यावरून उत्तरेकडचा वाटत होता. त्याने चंची उघडली, अडकित्ता उलटसुलट करून पाहिला आणि एकदम हसला. "अरे, सरौता! मेरे दादाजी के पास भी था." बाबांचा चेहरा खुलला. दोघांनी मिनिटभर सुपारीवर गप्पा मारल्या. मागची रांग खोळंबली होती. मग त्याच आवाजात तो म्हणाला, "लेकिन ये अंदर नहीं जाएगा." नियम तो नियम. परत जाऊन मोठ्या बॅगेत टाकायचा तर बॅग कधीच पट्ट्यावरून पुढे गेली होती. खोक्यात कात्र्या होत्या, लायटर होते, एक स्क्रूड्रायव्हर होता, कुणाच्या तरी फळांसोबत आलेली सुरी होती. त्यात आमचा मोर. पावती अर्थातच मिळाली नाही.

बाबा दिल्लीला पोचल्यावर फोनवर ताईला म्हणाले, "मी अडकित्त्याने विमान पळवणार होतो का?" हे वाक्य पुढे आमच्या घरात म्हणीसारखं रुळलं. आईने कांदा चिरायला सुरी मागितली तरी कोणीतरी म्हणतंच, "विमान पळवायचंय का?"

माझा मात्र त्या प्रश्नावर विचार सुरू झाला तो तीन वर्षांनी, 'बेलबॉटम' पाहताना.

हा अक्षय कुमारचा हेरपट. १९८४ सालचा काळ, विमानांची एकामागून एक अपहरणं, दिल्लीत पंतप्रधानांच्या दालनात ताणलेल्या भुवया आणि मग दुबईच्या विमानतळावर वाळूच्या वादळात आपल्या माणसांची कामगिरी. १९ ऑगस्ट २०२१ला तो देशात चित्रपटगृहांत लागला, पण महाराष्ट्रातली चित्रपटगृहं तेव्हा करोनामुळे बंद होती. ती उघडली २२ ऑक्टोबरला. तोवर 'बेलबॉटम' ओटीटीवर येऊन आमच्या दिवाणखान्यात पोचला होता. एवढा पडदाभर पसरायला काढलेला सिनेमा आम्ही बत्तीस इंची टीव्हीवर, पंख्याच्या घरघरीत आणि बाबांच्या नव्या अडकित्त्याच्या कट्-कट् आवाजात पाहिला. (नवा स्टीलचा आहे. मोर नाही. "धार बरी आहे, पण वजन नाही," असं बाबा अजूनही सांगतात.)

पहिली हरकत नावावरच निघाली. या हेराचं टोपणनावच बेलबॉटम. बाबा म्हणाले, "चौऱ्याऐंशी साली बेलबॉटम कोण घालत होतं? तोवर आम्ही सगळ्या पँटी शिंप्याकडून खालून कमी करून घेतल्या होत्या." हे अधिकारवाणीचं बोलणं. १९७४च्या त्यांच्या लग्नाच्या फोटोत पँटीचा घेर इतका आहे की बूट दिसतच नाहीत. ऑफिसला सायकलवर जाताना उजवी मोहरी हमखास साखळीत जायची. तिच्यावरचे ग्रीसचे डाग कोणत्याच साबणाला बधले नाहीत. मोहरी रस्ता झाडत जायची म्हणून शिंपी तळाला झिप शिवून द्यायचा, म्हणजे कापड झिजू नये. चालताना ती झिप फरशीवर किणकिणायची. "असली पँट घालून हेर निघाला," बाबा म्हणाले, "तर दोन गल्ल्या आधी शत्रूला ऐकू येईल."

आईने त्यातल्या दोन पँटींच्या पिशव्या शिवल्या होत्या. एक अजून दळणाला जाते.

हेराबद्दलचं बाबांचं मत तसं चुकीचंही नाही. आपली 'रॉ' ही संस्था १९६८ साली ज्यांनी उभी केली, त्या रामेश्वरनाथ काव यांची ख्याती प्रकाशात न येण्याचीच. त्यांचे फोटोसुद्धा मोजकेच. सिनेमाला हे परवडत नाही. तिकीट काढून आलेल्या माणसाला न दिसणारा माणूस दाखवायचा कसा? मग गॉगल येतो, मंद गतीतली चाल येते, पाठीमागून ढोल येतात. माझी त्याला ना नाही. मला तर इंदिरा गांधी झालेली लारा दत्ता पहिली दहा मिनिटं ओळखूच आली नाही. ती किमया विक्रम गायकवाडांच्या रंगभूषेची. ज्या हातांनी सुबोध भावेला बालगंधर्व केलं, तेच हे हात. आईने ते नाक, ती केसांची पांढरी बट पाहिली आणि सुपारीचं तबक खाली ठेवून सावरून बसली. बाई आल्या की बसायचं तसं.

पण सिनेमा संपल्यावर मी जुन्या अपहरणांचं वाचत बसलो आणि गंमत अशी झाली की सगळीकडे मला अडकित्तेच दिसायला लागले.

३० जानेवारी १९७१. श्रीनगरहून जम्मूला निघालेलं 'गंगा' नावाचं छोटं फॉकर विमान दोन तरुणांनी लाहोरला नेलं. हातात काय? खेळण्यातलं पिस्तूल आणि लाकडाचा हातबॉम्ब. प्रवासी सुटले, विमान मात्र लाहोरच्या विमानतळावर जाळलं गेलं. त्यानंतर भारताने आपल्या आकाशातून पाकिस्तानी विमानांना जायला बंदी केली, आणि पश्चिम पाकिस्तानातून ढाक्याला जायचं तर श्रीलंकेला वळसा घालून जायची पाळी त्यांच्यावर आली. त्या वर्षाच्या अखेरीस युद्ध झालं, बांगलादेश झाला. लाकडाच्या एका गोळ्याने त्या वर्षी काय काय हलवलं!

२० डिसेंबर १९७८. इंदिरा गांधींना लोकसभेतून काढून तुरुंगात पाठवलं, त्याचा दुसरा दिवस. लखनौहून दिल्लीला जाणारं इंडियन एअरलाइन्सचं विमान दोन तरुण कार्यकर्त्यांनी वाराणसीला उतरवायला लावलं. बाईंना सोडा, ही मागणी. हातात पुन्हा खेळण्यातलं पिस्तूल, आणि बॉम्ब म्हणून क्रिकेटचा चेंडू. १९८०च्या निवडणुकीत दोघंही काँग्रेसच्या तिकिटावर उत्तर प्रदेशात आमदार झाले. हे मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "आणि तुझा चेंडू साठ्यांच्या काचेवर गेला तर मी तुला दोन दिवस खाली पाठवलं नव्हतं."

१९८१ साली दिल्लीहून श्रीनगरला निघालेलं विमान लाहोरला नेलं, तेव्हा हातात कृपाणं होती. म्हणजे पुन्हा एकदा, घरात असते अशीच वस्तू. बंदुकीची गरजच पडत नव्हती. बंद डब्यात शंभर माणसं, वैमानिकाच्या खोलीचं दार एका धक्क्याने उघडण्यासारखं, आणि खरं काय खोटं काय हे तपासून पाहायची कुणाची छाती नाही. लाकडाचा बॉम्ब लाकडाचा आहे हे विमान उतरल्यावर कळतं. वर असेपर्यंत तो बॉम्बच असतो.

तेव्हा बाबांच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते बाबांना आवडणार नाही. होय बाबा, पळवता आलं असतं. अडकित्त्याने सहज.

त्या जवानाला हे माहीत होतं. सुपारीवर बोलतानाही त्याने अडकित्ता हातातून खाली ठेवला नव्हता, हे मला नंतर आठवलं. डिसेंबर १९९९मध्ये काठमांडूहून निघालेलं आयसी ८१४ कंदहारला गेलं, आठ दिवस लोक अडकले, रुपिन कत्याल हा नुकतं लग्न झालेला तरुण परत आलाच नाही. त्यानंतर विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवायला सुरुवात झाली, २०००च्या फेब्रुवारीत जयपूरपासून. पिशवीला लावलेल्या कागदी पट्टीवर गोल शिक्का मारून घेण्याचा सोहळा आठवतो? शिक्का पुसट उमटला की परत मागे धाडायचे. २०१७मध्ये तो मोठ्या विमानतळांवरून हळूहळू गेला. बाबांनी आपल्या पहिल्या प्रवासाची शिक्क्याची पट्टी अजून पाकिटात ठेवली आहे. पावती न मिळाल्याचं दुःख त्यांना का झालं असेल, ते त्यावरून कळावं.

आता १९८४. सिनेमा ज्याच्यावरून सुचला, ते २४ ऑगस्टचं अपहरण. दिल्लीहून चंदिगडमार्गे श्रीनगरला जाणारं विमान लाहोर, कराची करत दुबईला गेलं. लाहोरला थांबलेलं असताना अपहरणकर्त्यांच्या हाती खरं पिस्तूल आलं, असं भारताचं म्हणणं होतं. खेळण्याकडून खऱ्याकडे, असा हा प्रवास. दुबईत वाटाघाटींत पुढे होते अमिरातीचे तेव्हाचे संरक्षणमंत्री शेख मोहम्मद बिन रशीद, आजचे दुबईचे राज्यकर्ते. दुसऱ्या दिवशी प्रवासी सुखरूप सुटले. पुढे अपहरणकर्ते भारताच्या ताब्यात आले. वाळूचं वादळ नाही, ढोल नाहीत. ताटकळणं, बोलणं, पुन्हा ताटकळणं. सिनेमात हे सगळं आपली चार-पाच माणसं परस्पर निपटतात. काही आखाती देशांना तो सिनेमा रुचला नाही, त्यांनी तो दाखवू दिला नाही.

ताटकळणं पडद्यावर दाखवता येत नाही, हीच खरी अडचण आहे. दोन तासांत दीड दिवस कसा मावायचा? विमानात बसलेल्यांना भूक लागते, मूल रडतं, स्वच्छतागृह तुंबतं, मधुमेहाच्या गोळीची वेळ टळून जाते. बाबा सिनेमाभर एकच विचारत होते, "यांच्यात कुणाला लघवीला लागत नाही का?" मी त्यांना दोनदा गप्प केलं. आता वाटतं, त्या दिवाणखान्यात अपहरणाबद्दल सगळ्यात जाणकार माणूस तोच होता.

पुढे याला एक पुस्ती जोडली गेली. २०२४च्या सप्टेंबरात परराष्ट्रमंत्री जयशंकर जिनिव्हात भारतीयांशी बोलत होते. कुणीतरी अपहरणांबद्दल विचारलं, तर त्यांनी सांगितलं की १९८४च्या त्या अपहरणाच्या वेळी ते तरुण अधिकारी होते आणि ते प्रकरण हाताळणाऱ्या चमूत होते. पत्नी नोकरी करायची, त्यामुळे घरी जाऊन मुलाला भरवायचं काम त्यांचं होतं. म्हणून आईला फोन केला, की मला येता येणार नाही, अपहरण झालंय. तीन-चार तासांनी कळलं की त्या विमानात त्यांचे वडील आहेत, के. सुब्रह्मण्यम, संरक्षण विषयातले मोठे अभ्यासक. म्हणजे मुलगा एका बाजूला सरकारच्या टेबलावर, आणि दुसऱ्या बाजूला त्याच सरकारकडे आशेने बघणाऱ्या नातेवाइकांतला एक.

मी ही बातमी जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवली. बाबांनी अडकित्ता थांबवला. मला वाटलं, आता सरकारबद्दल काहीतरी येणार, किंवा चौऱ्याऐंशी सालाबद्दल, किंवा निदान बेलबॉटमबद्दल.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली होती. ती म्हणाली, "ते सगळं खरं. पण मग त्या बाळाला भरवलं कुणी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बातमी पुन्हा वरून खालपर्यंत वाचली.

"ते दिलेलं नाही," मी म्हणालो.

"दिलेलं नसणारच," आई म्हणाली आणि गॅस बंद करायला आत गेली.