आपण नसतानाही चालू राहणारं जंगल

परवा रात्री परत रेन वर्ल्ड हा व्हिडिओ गेम लावला. खांबाला लटकून बसलो होतो, खाली एक हिरवा लिझर्ड, घोरपडीसारखा जडशीळ, त्याला खांबावर चढता येत नाही म्हणून खालूनच टक लावून बसलेला, मी म्हटलं थोड्या वेळात कंटाळून जाईल. गेला नाही. तेवढ्यात उजवीकडच्या बोगद्यातून गुलाबी लिझर्ड आला, आणि हा मात्र खांबावर चढतो. आता संपलं म्हटलं, तर त्या दोघांचीच जुंपली! एकमेकांना चावताहेत, ढकलताहेत, माझ्याकडे कोणाचं लक्षच नाही, मी हळूच उतरून सटकलो. थोड्या वेळाने तिथेच परत आलो तर खोली रिकामी, आणि तोच हिरवा दोन खोल्या पलीकडे फिरताना दिसला.

हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं हो. दोन भुकेली जनावरं आणि एक शिकार, एवढंच होतं, पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

२०१७ मध्ये आला हा गेम, मुख्यतः योआर याकोबसन आणि जेम्स थेरिएन या दोघांनी केलेला. आपण स्लगकॅट, म्हणजे मांजर आणि गोगलगाय यांच्या मधलं काहीतरी. खायचं, लपायचं आणि जीवघेणा पाऊस सुरू व्हायच्या आत शेल्टर गाठायचं. याकोबसन दक्षिण कोरियातल्या सोल शहरात राहिला होता, भाषा येत नव्हती, आणि त्याच्या डोक्यातली कल्पना अशी की मोठ्या शहरातल्या उंदराला खायला कुठे मिळतं, लपायचं कुठे हे पक्कं माहीत असतं, पण रेल्वे कशासाठी धावते ते त्याला कळत नसतं. मला हे फार पटलं. तो उंदीर शहराचा हिरो नाहीये, शहर त्याच्यासाठी बांधलेलंच नाहीये, आणि तरी तो तिथे जगतो.

आतली युक्ती पण सुंदर आहे. आपण ज्या खोलीत आहोत तिथली जनावरं पूर्ण जिवंत असतात, पाय कुठे टेकवायचा, काय दिसलं, कशाचा आवाज आला, सगळं मोजलं जातं. लांबच्या खोल्यांतली जनावरं मात्र पुसली जात नाहीत, त्यांचा हिशोब फक्त ढोबळमानाने ठेवला जातो, कोण कुठे आहे, कुठे निघालाय. म्हणून वाटेत भेटणारा लिझर्ड आपल्यासाठी तिथे आणून ठेवलेला नसतो, तो कुठून तरी आलेला असतो. आणि ओळख लक्षात राहते! लिझर्डला मेलेलं जनावर आणून दिलं की तो माणसाळू शकतो, स्कॅव्हेंजरांना, म्हणजे भाले घेऊन टोळीने फिरणाऱ्या प्राण्यांना, मोती दिला तर ते भाले खाली ठेवतात, त्यांच्यातला एखादा मारलात तर मात्र टोळीच मागे लागते.

असा प्रयत्न आधी पण झालाय. १९९७ च्या अल्टिमा ऑनलाइन या इंटरनेटवर एकत्र खेळायच्या गेममध्ये गवत, ससे, लांडगे अशी साखळी ठरवली होती, पण हजारो खेळाडू आत शिरले आणि दिसेल ते मारत सुटले, काही उगवायच्या आतच संपायला लागलं, शेवटी ती सिस्टिम काढून टाकावी लागली. मला वाटतं प्रश्न हाच की माणसाला केंद्रात ठेवलं की बाकीच्यांना जगायला जागाच उरत नाही. रेन वर्ल्डमध्ये आपण साखळीच्या मधल्या कडीवर आहोत म्हणून ते चालतं.

हे डोक्यात इतकं बसलं की दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः एका छोट्या जंगलाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. शंभर बाय शंभर घरांची चौकट, गवत, ससे, कोल्हे. पहिल्या वेळी कोल्ह्यांनी सगळे ससे खाल्ले आणि मग उपाशी मेले, गवत तेवढं उरलं. कोल्हे कमी केले तर सशांनी गवत संपवलं. तीन रात्री नुसते आकडे हलवत बसलो. मग आकडे सोडले आणि दोन गोष्टी घातल्या, जिथे कोल्हा शिरू शकत नाही अशी थोडी झुडपं, आणि पोट भरलेलं असेल तर शिकार करायची नाही, झोपायचं. त्यानंतर मात्र दोन्हींची संख्या वर खाली होत राहिली, पण संपली नाही.

चौथ्या रात्री चहा घेऊन स्क्रीनसमोर बसलो होतो. एक कोल्हा खाऊन झोपला होता, आणि त्याच्यापासून दोन घरांवर, झुडपाच्या कडेला, एक ससा निवांत चरत होता. कोल्हा झोपलाय म्हणून तिकडे जा असं मी कुठेच लिहिलं नव्हतं, सशाला तेवढंच माहीत होतं की तिथे गवत दाट आहे आणि जवळ काही हलत नाहीये. पंधरा मिनिटं मी बघत राहिलो. मग कोल्हा उठला, आणि ससा झुडपात.