सीरम स्वच्छ आणि कोलेस्टेरॉल ४१२

अमळनेरला एका लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीचं मशीन मी बघतो. सकाळी उपाशीपोटीवाल्यांची गर्दी, मग सेंट्रिफ्यूज, मग रन. लोकांना वाटतं कोलेस्टेरॉल वाढलं की सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावर सुटणारं पाणी, दुधाळ दिसतं, पण ते होतं ट्रायग्लिसराइड या दुसऱ्या चरबीमुळे. त्या दिवशी २४ वर्षांच्या एका पोराचं सीरम एकदम नितळ पिवळं, ट्रायग्लिसराइड नॉर्मल, आणि कोलेस्टेरॉल ४१२, नॉर्मलच्या दुपटीहून जास्त.

कंट्रोल, म्हणजे आधीच उत्तर माहीत असलेले सँपल, बरोबर होते तरी डायल्यूट करून परत लावलं, तेच आलं. ही टेस्ट मला मनापासून आवडते. कोलेस्टेरॉलमध्ये २७ कार्बन, एकमेकींना चिकटलेल्या चार रिंगा, तीन सहा कार्बनच्या नि एक पाचाची, एका टोकाला शेपटी आणि दुसऱ्या टोकाला एकुलता एक ओएच. रक्तात बहुतेक वेळा त्या ओएचवर फॅटी ॲसिड बसलेलं असतं, म्हणून रिएजंटमधलं एक एन्झाइम आधी ते उतरवतं, दुसरं नेमकं त्याच ओएचला धरतं, हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं, त्यातून गुलाबी रंग येतो आणि मशीन तो रंग मोजतं. असा गडद गुलाबी मी क्वचितच पाहिलाय.

रिपोर्टला मायलेक आले. आधी कुणीतरी तेल आणि शेवभाजी बंद करा, तीन महिन्यांनी या, एवढंच सांगून पाठवलेलं. आई म्हणे, "मी तं भाजीमा तेल टाकसच नई भाऊ, मंग कसं वाढनं?" असल्या सल्ल्यांचा मला संताप येतो. पेशींचं आवरण, पित्त, कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन सगळ्याला कोलेस्टेरॉल लागतं म्हणून शरीर ते स्वतःच बनवतं. रक्तातलं एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, उचलणारे पेशींवरचे रिसेप्टर जन्मतःच कमी असले तर नुसतं तेल बंद करून कितीसा फरक पडणार? हे रिसेप्टर शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकी डॉक्टरांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं, आणि आपल्याकडे अजून शेवभाजीवरच खापर.

पोराच्या चपलेच्या पट्ट्यावर टाचेमागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी) दोन्ही पायांना जाड, गाठाळ दिसत होती, कोलेस्टेरॉल तिथे साचलं की असं होतं. बाप ३९ व्या वर्षी शेतातच गेला, सगळे ऊन लागलं म्हणाले, पण या आनुवंशिक दोषात हार्ट अटॅक लवकर येतो. मी लगेच आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांना बोलावलं, निदान सांगणं माझं काम नाही. त्यांनी फिजिशियनशी बोलून पोराला पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या.

धाकटी बहीण आहे, तिलाही हा दोष असण्याची शक्यता निम्मी. पण तिचं लग्न जमवणं चाललंय, रक्त तपासलं तर पाहुण्यांत बोभाटा होईल म्हणून आई तयार नाही, दिराला विचारते म्हणाली. सर म्हणाले घरी जाऊन सँपल घे, पैसे घेऊ नको. अजून त्यांचा फोन नाही. एका ट्यूबचं काम आहे, टोटल कोलेस्टेरॉल आणि एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, यांना उपाशी राहायचीही गरज नसते.