रिपोर्टमधला 'एफ'

"छह महीने तक तो एकदम अच्छा था, मैडम." झाबुआ, अलिराजपूर, बडवानीकडून लेकरं घेऊन येणाऱ्या आयांकडून हे वाक्य मी कायम ऐकते. पहिले काही महिने बाळ ठणठणीत असतं. मग अचानक हातापायांचे पंजे सुजतात, बाळ कोणाला हात लावू देत नाही, रडून घर डोक्यावर घेतं. गावात ताप-सर्दीची औषधं होतात, आणि शेवटी मंडळी बस पकडून इंदूरच्या गंगवाल स्टँडवर उतरतात. आजार असतो सिकल सेल, म्हणजे लाल रक्तपेशींचा आनुवंशिक विकार. मी इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिमॅटॉलॉजीच्या, म्हणजे रक्ततपासणीच्या, टेबलावर काम करते. या आयांचं निरीक्षण किती अचूक असतं, त्याबद्दल आज लिहायचं आहे.

सिकल सेलची सगळ्यात साधी तपासणी म्हणजे स्लाइडवर रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यात मेटाबायसल्फाइट मिसळायचं, कव्हरस्लिप ठेवून कडा बंद करायच्या आणि थांबायचं. रसायन प्राणवायू ओढून घेतं. थोड्या वेळानं मायक्रोस्कोपला डोळा लावला की मघाच्या गोल गरगरीत पेशी लांबट, टोकदार, विळ्यासारख्या झालेल्या दिसतात. शिकाऊ मुलींना मी ही स्लाइड आवर्जून दाखवते, कारण बोटांच्या बारीक रक्तवाहिन्यांत हेच घडतं. ताठ झालेल्या पेशी तिथे अडकून पडतात, पुढचा रक्तपुरवठा तुटतो, आणि ती असह्य कळ उठते.

मुळात बिघाड एवढासा आहे. लाल पेशींत प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात, त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या रुग्णांचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या वेगानं सरकतं, आणि याला 'रेणूचा आजार' म्हटलं. ते नेमकं व्हॅलिन पुढच्या दशकात व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधलं. प्राणवायू सुटला की हे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतं, त्याला तिसरा रेणू चिकटतो, आणि दोर वळावा तसे लांबच लांब धागे तयार होऊन पेशीला आतून ताणतात.

मग सुरुवातीचे महिने बाळ बरं कसं राहतं? १९४८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी हाच प्रश्न धरला. नवजात बाळांच्या पेशी फारशा विळ्यासारख्या होत नाहीत, आणि याचं कारण पोटात असतानाचं, म्हणजे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन असावं, असं त्यांनी मांडलं. तेच आमच्या रिपोर्टमधलं 'एफ'. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते आणि ते त्या धाग्यांत शिरत नाही. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी मशीनच्या ग्राफवर एफचं टोक अगदी सुरुवातीला येतं, एसचं, म्हणजे सिकलच्या बिघडलेल्या हिमोग्लोबिनचं, बऱ्याच उशिरा. जन्मानंतर एफ हळूहळू उतरतं, एस चढतं, आणि त्याच सुमारास ते पंजे सुजायला लागतात. शिक्षण नसलेली आई तारीख बरोबर सांगते ती यामुळे.

पुढे कित्येक वर्षं प्रश्न असा होता, की एफ बंद कोण करतं? २००८ मध्ये बॉस्टनच्या विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बीसीएल११ए नावाचं प्रथिन गॅमा जनुकाला दाबून ठेवतं. पण हे प्रथिन मेंदूलाही लागतं, रोगप्रतिकारक पेशींनाही लागतं, त्यामुळे ते सरसकट बंद करून चालणार नाही. मला सगळ्यात सुंदर वाटतो तो पुढचा भाग. त्या जनुकाच्या पोटात डीएनएचा एक छोटा तुकडा सापडला, जो लाल पेशींच्या वंशातच हे प्रथिन चालू ठेवतो. तेवढाच तुकडा क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्रानं कापला की लाल पेशींत बीसीएल११ए घटतं आणि बाकी शरीर शाबूत राहतं. एसचा दोष तसाच राहतो, पण शरीराचंच जुनं हिमोग्लोबिन परत येतं.

यावर आधारित कॅसजेव्ही या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएनं मान्यता दिली. चाचणीत ज्यांची पुरेशी पाहणी झाली अशा ३१ जणांपैकी २९ जणांना सलग किमान वर्षभर तीव्र कळांचा झटका आला नाही. एफ ४० टक्क्यांच्या आसपास गेलं. मात्र त्याआधी स्वतःच्या मूळ पेशी काढून द्याव्या लागतात, मग केमोथेरपीनं अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटींहून जास्त. अलिराजपूरच्या मजुराला हा आकडा मी कोणत्या तोंडानं सांगू? दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या संशोधन संस्थेनं 'बिरसा १०१' नावानं आपल्याकडची क्रिस्पर पद्धत पुढे आणली आहे. माझी मोठी आशा तिच्यावर आहे.

तोवर हायड्रॉक्सीयुरिया आहे. ही गोळीही एफ वाढवते, आणि तिला १८ कोटी लागत नाहीत. डॉक्टरांच्या देखरेखीत, रक्ताच्या तपासण्या करत घ्यावी लागते. अडचण अशी की दुखणं थांबलं की घरचे गोळीही थांबवतात. म्हणून फेरतपासणीला आलेल्या मुलाचा जुना आणि नवा ग्राफ मी शेजारी ठेवते आणि आईला एफच्या टोकावर बोट ठेवून दाखवते: हे उंच झालं ते गोळीमुळे, बंद केली तर परत खाली येईल. हे तिला लगेच कळतं.

शासनाचं सिकल सेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला आमच्याच राज्यात, शहडोलला सुरू झालं आणि त्यात ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य आहे. तरीही अजून घरटी एकच मूल, जे दुखतंय तेच, लॅबपर्यंत पोचतं. आईबाप दोघंही वाहक असले, म्हणजे दोघांकडेही हा दोष एकेरी असला, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची चारात एक शक्यता असते. त्यामुळे मोठ्याचा रिपोर्ट हातात देताना मी एवढंच विचारते, "छोटा कहाँ है? उसको भी लाओ."