किनरॉस हाऊस, १:२०० : भिंती उभ्या राहिल्या, आता बाग

किनरॉस हाऊस या स्कॉटिश वाड्याची पुठ्ठ्याची प्रतिकृती करतोय, १:२०० मध्ये, म्हणजे खऱ्याच्या दोनशेव्या भागाएवढी. चारही भिंती चिकटवून सुकल्या, काटकोन जमले. तरीही आज आधी बेसबद्दल, म्हणजे प्रतिकृती ज्यावर उभी राहते त्या तळाबद्दल लिहितो, कारण या घराचा खरा जीव जमिनीवरच्या आखणीत आहे.

स्कॉटलंडमधल्या लॉक लेव्हन तळ्याकाठची ही जहागीर सर विल्यम ब्रूसने १६७५ मध्ये विकत घेतली. एडिनबरोच्या होलीरूड राजवाड्याची पुनर्रचना करणारा हाच वास्तुकार. हे घर मात्र त्याने स्वतःसाठी बांधलं. त्यातही बागेचं काम आधी, १६७९ ला, आणि घर नंतर. गावाकडून येणारा झाडांचा रस्ता, घराचं मधलं दार, मागची बाग, बागेच्या टोकाचं फाटक आणि त्यापलीकडे बेटावरचा लॉक लेव्हन किल्ला, हे सगळं त्याने एका सरळ रेषेत आणलं. स्कॉटलंडची राणी मेरी हिला १५६७ मध्ये याच किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं आणि मे १५६८ मध्ये ती तिथून निसटली. एवढा इतिहास असलेली वास्तू आपल्या बागेच्या शेवटी ‘चित्र’ म्हणून वापरायची, ही नजर मला थक्क करते.

म्हणून बेसवर सगळ्यात आधी ती रेषा पेन्सिलने ओढली आणि बाकी सगळी मापं तिच्यापासून डावी-उजवीकडे घेतली. अडचण एकच: १:२०० मध्ये किल्ला टेबलाबाहेर जातो. उपाय असा केला की बाग फाटकापर्यंत खऱ्या प्रमाणात ठेवली, आणि किल्ला १:१००० मध्ये करून मागच्या कडेला बसवला. घराच्या मधल्या खिडकीच्या उंचीवर डोळा नेला की तो खरोखर दूर पाण्यात दिसतो. बेट मुद्दाम लहान ठेवलंय. एकोणिसाव्या शतकात तळ्याची पातळी खाली उतरवल्यामुळे बेटाची जमीन वाढली. ब्रूसच्या काळात पाणी किल्ल्याच्या बरंच जवळ होतं.

आता घर. भिंती दोन मिलिमीटर माउंट बोर्डच्या (जाड पुठ्ठ्याच्या), खिडक्या नव्या ब्लेडने आतून बाहेर कापलेल्या. दर्शनी बाजू विलक्षण संयत आहे: खाली तळघर, वर मुख्य मजले, उतरतं छप्पर, धुराड्यांच्या रांगा आणि मधोमध छोटा घुमटीवजा मनोरा. सजावट जवळजवळ सगळी कोपऱ्यांवर, तिथे कोरिंथियन शैलीचे (माथ्यावर पानांची नक्षी असलेले) उंच भित्तिस्तंभ, म्हणजे भिंतीतून किंचित पुढे आलेले चपटे खांब. इथे फार वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. खऱ्या भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे आलेला स्तंभ आपल्या प्रमाणात अर्धा मिलिमीटर होतो. त्यासाठी पातळ आयव्हरी कार्डचे दोन थर पुरतात, जाड पट्टी लावली तर घर लगेच खेळण्यासारखं दिसतं. कडा चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलक्या हाताने मारल्या. सकाळच्या तिरप्या उन्हात धरलं की कोपऱ्याला बारीक सावली पडते. तेवढी सावली मिळाली की काम झालं.

वालुकाश्माचा रंग राखाडीत थोडा पिवळसर मिसळून केला, दोन पातळ हात. छप्पर अजून कोरं आहे.

तळ्याच्या बाजूचं फाटक म्हणजे फिश गेट. त्याच्यावर माशांनी भरलेली दगडी टोपली कोरलीय, लॉक लेव्हनमधले मासे म्हणून. १:२०० ला ती ज्वारीच्या दाण्याएवढी होते, मासे दिसणं शक्यच नाही. म्हणून फाटक १:२० मध्ये वेगळंही करतोय, एम-सीलमध्ये, आणि सुई वापरून एकेका माशाला खवले काढतोय. टोपलीची वीण झाली आहे, मासे अर्धे झालेत.

पुढचा टप्पा बागेच्या भिंती आणि कापलेल्या झुडपांच्या ओळी. बारीक स्पंज रंगवून वापरावा की लाकडाचा भुसा, हे अजून ठरत नाही. ज्यांनी या मापावर सरळ कडांची झुडपं केलीत त्यांनी कडा कशा टिकवल्या, तेवढं जरूर सांगा.